अटकेची नोंद कोणासाठी?

एखाद्या नागरिकाला पोलिसांनी पकडून नेले असता तो कोणत्या ठाण्यात आहे, कोणत्या आरोपावरून आहे आणि केव्हापासून आहे, हे जाणून घेण्यासाठी त्याच्या घरच्यांना कोणाची मनधरणी करावी लागू नये, अशी स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३७ वे कलम म्हणते की, प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहाय्यक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमावा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपाचे स्वरूप यांची माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी. आणि ही माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयी ठळकपणे लावली जावी. तरतूद मूळची नवी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती २००९ च्या दुरुस्तीने आली व २०१० मध्ये अंमलात आली. नव्या संहितेने तिच्यात ठाण्यातील नेमणुकीची व संगणकीय माध्यमातूनही माहिती प्रसिद्ध करण्याची भर घातली. म्हणजे हा नियम कागदावर येऊन दीड दशक होऊन गेले. पुणे शहरातील किती सुशिक्षित नागरिकांना तो ठाऊक आहे?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना आम्ही दोष देत नाही. अटक ही दुसऱ्या कोणावर तरी, बहुधा झोपडपट्टीतल्या किंवा गुत्त्यावरच्या माणसावर, येणारी आपत्ती आहे, अशी पांढरपेशा वर्गाची एक सोयीस्कर समजूत आहे. पण सोसायटीच्या सभेतली हातघाई, भाडेकरूशी विकोपाला गेलेला वाद, नातेवाईकाच्या भागीदारीत घातलेली सही, रस्त्यावरचा अपघात, मुलाने कोणाची तरी गंमत म्हणून पुढे पाठविलेला मजकूर, यांपैकी काहीही कोणाच्याही दारापर्यंत पोलिसांना आणू शकते. रात्री साडेअकराला मुलाला 'साहेबांनी बोलावले आहे' असे सांगून दोन माणसे घेऊन जातात. बाप मागोमाग जवळच्या ठाण्यात जातो. तेथे कळते की असा कोणी येथे आणलेला नाही. दुसऱ्या ठाण्यात ठाणे अंमलदार सांगतो की साहेब गस्तीवर गेले आहेत. ज्याची एखाद्या नगरसेवकाशी ओळख असते त्याला एका दूरध्वनीत उत्तर मिळते. ज्याची ओळख नसते तो बाकावर बसून उजाडण्याची वाट पाहतो. नागरिकत्वाचा हक्क आणि ओळखीचा प्रभाव यांतला फरक जितका अशा रात्री कळतो तितका नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कधी कळत नाही.

हा नियम आला कसा, हे सांगितले पाहिजे. कारण त्यातच त्याचा हेतू आहे. पश्चिम बंगालच्या विधिसाहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात सरन्यायाधीशांना पत्र लिहून पोलीस कोठडीत होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, निकाल आला आणि त्यात अटकेच्या वेळी पाळावयाच्या अकरा गोष्टी घालून दिल्या गेल्या. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे; अटकेच्या वेळीच पंचनामा व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष असावी, आरोपीची सही असावी, वेळ व तारीख असावी; आप्ताला कळवावे, आणि कोणाला कळवले ते ठाण्याच्या दैनंदिनीत लिहावे; नियंत्रण कक्षाला बारा तासांच्या आत माहिती द्यावी आणि तेथे ती दिसेल अशा फलकावर लावावी. यातले बरेचसे पुढे संहितेत उतरले. बसूंच्या पत्राचा विषय कोठडीतले मृत्यू हा होता, हे विसरता कामा नये. फलकावर नाव लावायचे ते त्या माणसाची बदनामी व्हावी म्हणून नव्हे, तर तो अदृश्य होऊ नये म्हणून. ज्याचे नाव, वेळ आणि आरोप भिंतीवर लिहिला गेला त्याच्या अंगाला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो.

आता तो फलक कोठे असतो ते पाहा. आमची पहिली काही वर्षे शाळेत गेली. फळा वर्गाच्या दर्शनी भिंतीवर असावा, कपाटामागे नसावा, हे तेथे शिपायालाही कळत असे. वाचकांनी आपल्या भागातील ठाण्यात एकदा दिवसाउजेडी जावे. फरासखाना असो, विश्रामबाग असो वा डेक्कन, दाराशी उभे राहून अटक झालेल्यांचा फलक कोणता ते शोधावे. नागरिकांना उपदेश करणारे, सायबर ठगांपासून सावध राहण्याचे, अधिकाऱ्यांच्या क्रमांकांचे फलक सहज दिसतात. कायद्याने सांगितलेला फलक तितकाच सहज दिसला तर आम्हांला आनंदच आहे. न दिसला तर त्याविषयी नेमलेला अधिकारी कोण, एवढेच नम्रपणे विचारावे. हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही ओळखीची गरज नाही.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर काय करावे, हेही सांगून ठेवतो. प्रथम ठाण्यात, आणि तेथे दाद न लागल्यास जिल्ह्याच्या वा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात चौकशी करावी. ४८ व्या कलमान्वये अटकेची व ठेवल्या जागेची माहिती आप्ताला व नेमलेल्या अधिकाऱ्याला तत्काळ देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा नोंदला असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे कागदोपत्री ज्याला 'गु. र. नं.' म्हणतात तो, आणि वर्ष, हे दोन आकडे टिपून घ्यावेत. पुढचे सारे दप्तर त्यांवर उघडते. प्रथम माहिती अहवाल, म्हणजे फिर्याद, चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर घालावी असा सर्वोच्च न्यायालयाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत, आणि ते वगळण्याचा निर्णय उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे व तारीख निवडून हे अहवाल पाहता येतात. याउलट दोषारोपपत्र कोणालाही पाहण्यासाठी खुले करावे ही मागणी त्याच न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी नाकारली. तो सार्वजनिक दस्तऐवज नव्हे. प्रकरण न्यायालयात गेल्यावर ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर गुन्ह्याच्या क्रमांकावरून त्याची पुढची तारीख सापडते. शिवाजीनगरच्या आवारात दलालाला पैसे देऊन जे अनेकजण विचारतात ते येथे फुकट मिळते.

एका पळवाटेपासून मात्र सावध असावे. 'अटक केलेली नाही, फक्त चौकशीला बोलावले आहे' हे उत्तर फार प्रचलित आहे. अटकेचा पंचनामा झाल्यावाचून नाव फलकावर जात नाही, आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाची मुदतही त्या पंचनाम्यावरच्या वेळेपासून मोजली जाते. म्हणून पंचनामाच उशिरा करावयाचा! मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे की माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन पडले त्या क्षणी अटक सुरू होते. कागदावर ती केव्हा लिहिली यावर ती अवलंबून नाही. तेव्हा माणसाला नेले ती वेळ घरच्यांनी स्वतः लिहून ठेवावी, आणि ठाण्यात दिलेल्या अर्जावर ती घालून पोच घ्यावी. अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, सर्व गुन्ह्यांसाठी ठरविले आहे. तत्क्षणी ते शक्य नसेल तर तोंडी सांगावीत. पण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हाती पडलाच पाहिजे.

नोंद सापडणे निराळे आणि ती कळणे निराळे. कलमांचे आकडे वाचून घाबरणारे व निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. आपल्याकडे 'चारशेवीस' हा शब्द शिवीसारखा रूढ झाला. पण १ जुलै २०२४ नंतरच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम लागते. त्याहून घोटाळा 'तीनशेदोन'चा आहे. जुन्या दंडसंहितेत ते खुनाचे कलम. नव्या संहितेत खून १०३ व्या कलमात गेला आणि ३०२ वे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचे झाले. ३०३ म्हणजे आता चोरी. शेजाऱ्याच्या मुलाच्या नावापुढे ३०२ हा आकडा पाहून जिना उतरता उतरता त्याला खुनी ठरविणारे सद्गृहस्थ निघणारच नाहीत, अशी खात्री कोण देईल? आधी कायदा कोणता ते पाहावे, मग आकडा. काही नोंदी तर कोणत्याच घडलेल्या गुन्ह्याच्या नसतात. संहितेच्या १७० व्या कलमाखाली, दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून, पोलीस माणसाला चोवीस तासांपर्यंत ताब्यात ठेवू शकतात. मोर्चाच्या वा निवडणुकीच्या दिवसांत अशी नावे वाढतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, अटक हा निकाल नव्हे. तपासाअंती पुरावा न मिळाल्यास पोलीस न्यायालयापुढे समरी मागतात. महाराष्ट्रात तिचे अ, ब आणि क असे तीन प्रकार आहेत. गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला, फिर्याद खोटी, आणि गैरसमजातून वा दिवाणी वादातून निघालेली, असा त्यांचा स्थूल अर्थ. ब समरी मंजूर झालेल्या माणसाचे नाव ज्या फलकावर लागले त्यावर ही गोष्ट कोण लिहितो? ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतील तिघांवर अद्याप दोष सिद्ध व्हायचा होता. अटक डोळ्यांना दिसते, निर्दोष सुटका दिसत नाही. विवाह जुळविताना, नोकरी देताना, घर भाड्याने देताना लोक पहिलीच लक्षात ठेवतात.

येथे एक खरी अडचण उभी राहते आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. नोंद उघडी ठेवा म्हणावे तर बदनामीला वाट मिळते. झाकून ठेवा म्हणावे तर कोठडीच्या अंधाराला. अमेरिकेत दुसऱ्या टोकाचा अनुभव आला. तेथे अनेक परगण्यांत शेरीफच्या कचेरीतून अटक झालेल्यांची यादी छायाचित्रांसह प्रसिद्ध होते. काही व्यापाऱ्यांनी ती छायाचित्रे उचलून आपल्या संकेतस्थळांवर मांडली आणि ती काढून टाकण्यासाठी त्याच माणसांकडून पैसे घेण्याचा धंदा उघडला. शेवटी जॉर्जियासारख्या राज्यांना २०१३ पासून त्याविरुद्ध कायदे करावे लागले. आपल्याकडे हा धंदा त्या थराला गेलेला नसला, तरी तोंडावर बुरखे घातलेल्या आरोपींसह काढलेली छायाचित्रे, आणि ज्या गल्लीत दहशत माजविली त्याच गल्लीतून आरोपीची काढलेली धिंड, हे प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. टाळ्या मिळतात हे खरे. पण धिंड ही शिक्षा कोणत्याही संहितेत नाही, आणि ती काढणाऱ्या ठाण्याचा वैधानिक फलक जर कपाटामागे असेल, तर प्रसिद्धी ज्यासाठी हवी त्याच्या बरोबर उलट कामी येते आहे.

आमचे मत असे की फळा आणि संकेतस्थळ यांत भेद करावा. ठाण्याच्या भिंतीवरचे नाव आप्तांना, वकिलाला, चौकशीस येणाऱ्याला दिसते आणि चार दिवसांनी पुसले जाते. संगणकावरचे नाव पुसले जात नाही. दहा वर्षांनी कोणीही कोठूनही ते शोधून काढतो. तेव्हा भिंतीवर पूर्ण नाव-पत्ता, अटकेची वेळ, गु. र. नं. आणि अधिकाऱ्याचे नाव असावे. संकेतस्थळावरची यादी मर्यादित मुदतीची असावी, आणि समरी वा निर्दोष सुटकेची नोंद त्याच ओळीत व्हावी किंवा ती ओळच काढावी. अल्पवयीनांचे नाव कोठेच येता कामा नये. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम त्याबाबत निःसंदिग्ध आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

खाजगीपणाची ढाल पोलिसांनी मात्र स्वतःपुढे धरू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात फेरबदल केला आहे, आणि त्याचा आधार घेऊन 'ही वैयक्तिक माहिती आहे' असे उत्तर अटक झालेल्याच्या बापालाच मिळण्याचा संभव आहे. ३७ व्या कलमाने जी माहिती ठळकपणे लावावयाची आहे ती नाकारण्यास हा फेरबदल कामी येत नाही. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्याच सातव्या कलमानुसार, माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती तीस दिवसांत नव्हे, अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. दहा रुपयांच्या अर्जावर ही गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहावी.

पोलीस आयुक्तांना आमची विनंती आहे की, शहरातील प्रत्येक ठाण्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी त्यांनी जाहीर करावा, आणि फलक ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ नव्हे तर प्रवेशद्वारापाशी, रात्रीही वाचता येईल अशा उजेडात लावण्याची मुदत ठरवून द्यावी. ती मुदत त्यांनी कळविताच आम्ही ती याच पानावर छापू, आणि उलटल्यानंतर प्रत्येक ठाण्याच्या दारात आमचा बातमीदार जाऊन पाहील.