पाळीची कळ, विजेची कळ

मराठीत ‘कळ’ या शब्दाचे अर्थ बरेच. पोटात येते ती कळ, दाबल्यावर यंत्र सुरू होतं तीही कळ. आणि पाळीत पोट धरून बसलेल्या मुलीला घरोघरी सांगितलं जातं, “जरा कळ काढ, होईल कमी.” आई सांगते, मावशी सांगते, कधीकधी डॉक्टरही सांगतात. वर एक ठेवणीतलं वाक्य असतंच, “लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल सगळं.” पंधरा वर्षांच्या मुलीला दहा-बारा वर्षांनंतरचा वायदा! उद्याच्या गणिताच्या पेपरचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

माझं मत सरळ आहे. पाळीची वेदना मुकाट सोसण्यात काही मोठेपणा नाही. ती कमी करायचे साधे, सुरक्षित मार्ग आहेत. त्यातल्या एका कमी माहितीच्या मार्गाबद्दल आज सांगतो. त्याचं नाव ‘टेन्स’.

तुमच्या आजीच्या कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टने हे यंत्र लावलेलं तुम्ही पाहिलं असेल. तळहाताएवढी डबी, आत बॅटरी, दोन-चार वायरी आणि टोकाला त्वचेवर चिकटणाऱ्या मऊ चकत्या. यंत्र सुरू केलं की चकत्यांखाली मुंग्या आल्यासारखं वाटतं. प्रवाह अगदी सौम्य असतो. ‘शॉक’ या शब्दाने दचकू नका.

आता हे चालतं कसं? पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय जोरात आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळा येतात. ही वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. पण वाटेत जणू एक फाटक आहे. कोपर दारावर आपटलं की आपण लगेच तो चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याची, स्पर्शाची वर्दी जाड, वेगवान नसांतून येते आणि वेदनेच्या वर्दीला फाटकाशी अडवते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलेला हा सिद्धांत. टेन्स म्हणजे विजेने केलेलं चोळणंच म्हणा ना!

गर्भाशयाच्या नसा आणि ओटीपोट-कंबरेच्या त्वचेच्या नसा मज्जारज्जूच्या साधारण त्याच भागात पोचतात. म्हणून तर पाळीत कंबरही दुखते आणि म्हणूनच चकत्या ओटीपोटावर किंवा कमरेच्या खालच्या भागावर लावतात.

मग हे खरंच लागू पडतं का? कोक्रेन या संस्थेने २००२ साली या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले. सेकंदाला साधारण ५० ते १२० ठोके देणारं, म्हणजे जास्त वारंवारितेचं टेन्स खोट्या यंत्रापेक्षा उजवं ठरलं. २०२४ मध्ये हा आढावा नव्याने घेतला गेला. त्यात जास्त आणि कमी, दोन्ही वारंवारितेच्या टेन्सने वेदना कमी होऊ शकते असं दिसलं. मात्र प्रयोग लहान आहेत, पुरावा कच्चा आहे, हेही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय मुंग्या येतात की नाही हे बाईला कळतंच, त्यामुळे खरं यंत्र आणि खोटं यंत्र यातला फरक लपवणं अवघड. तेव्हा ‘पाळीच्या दुखण्यावर रामबाण’ अशी जाहिरात दिसली तर ती जाहिरातच समजा.

पहिला उपाय म्हणून मी आजही गोळीच सांगेन. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच आळा घालते. ती डॉक्टरांना विचारून, काहीतरी खाऊन आणि दुखणं सुरू होताच घ्यावी. जोडीला गरम पाण्याची पिशवी. पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गोळीची ॲलर्जी असेल, किंवा गोळीने पुरेसा आराम पडत नसेल, तर टेन्स जरूर वापरून पहा. गोळीसोबतही चालतं.

पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या. प्रवाह हळूहळू वाढवा. मुंग्या ठळक जाणवाव्यात, पण दुखू नये. चकत्या जखमेवर किंवा पुरळावर लावू नका. त्यांच्यावर गरम पिशवी ठेवू नका. आंघोळ करताना, झोपेत किंवा गाडी चालवताना यंत्र वापरू नका. हृदयात पेसमेकर असेल तर टेन्स नकोच. फिट्स येत असतील किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टेन्स वेदना अडवतं, तिचं कारण शोधत नाही. आधी न दुखणारी पाळी आता दुखू लागली, दर महिन्याला दुखणं वाढतंय, रक्तस्राव फार होतोय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, मूल राहत नाही, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. एंडोमेट्रिऑसिस, ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड अशी कारणं असू शकतात. फाटक बंद करून त्यांच्याकडे पाठ फिरवू नका.

दुसरं टोकही आपल्याच राज्यात आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. एक दिवस खाडा झाला की दंड, तिथे पाळीची तक्रार परवडते कोणाला? एका यंत्राने हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. त्याची मुळं गरिबीत, मुकादमाच्या उचलीत आणि काही डॉक्टरांच्या लोभात आहेत. पण ‘सोस’ आणि ‘काढून टाक’ या दोन टोकांच्या मध्ये केवढी तरी जागा आहे. गोळी, शेक, व्यायाम, टेन्स, संप्रेरकांचे उपचार, हे सगळं त्या जागेत आहे. बाईची तक्रार पहिल्याच महिन्यात ऐकली गेली, तरच ती तिथवर पोचते.

तेव्हा पुढच्या वेळी लेकीने पोट धरलं की “कळ काढ” म्हणू नका. “किती दुखतंय? कधीपासून?” असं विचारा. शाळा बुडत असेल, कॉलेज बुडत असेल, तर तिला घेऊन डॉक्टरांकडे जा. यंत्राची कळ दाबायची की नाही, ते तिथे ठरवू.