मधल्या ओट्याचा रंग

ईद जवळ येऊ लागली की घराघरात रंगाचा विषय निघतो. पूर्वी तो लवकर संपायचा. भिंतींना चुना किंवा डिस्टेंपर, दारे-खिडक्यांना ऑइल पेंट, आणि डब्यात जे उरेल ते स्वयंपाकघराला. आता नव्या घरांतून स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडलेले असते आणि त्याच्या मधोमध चारही बाजूंनी मोकळा असा एक ओटा येऊ लागला आहे. इंजिनिअर आणि सुतार त्याला ‘आयलंड’ म्हणतात. आमच्याकडे बायका सरळ ‘मधला ओटा’ म्हणतात. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, इतकेच काय आलापल्लीच्या नव्या घरांतही तो दिसतो. वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा, खाली लाकडाची कपाटे. या कपाटांना रंग कोणता द्यायचा यावरून घरात जी चर्चा होते, ती लग्नाच्या बस्त्यापेक्षा कमी नसते.

भिंतीला लागून असलेल्या ओट्याची एकच बाजू दिसते. मधला ओटा मात्र आल्यागेल्याला चारही बाजूंनी दिसतो. मुले त्याच्याभोवती पकडापकडी खेळतात, पाय आपटतात, त्याला गाल टेकून उभी राहतात. रमजानात इफ्तारची ताटे तिथेच लागतात. घरातले दुसरे कुठलेही रंगवलेले लाकूड इतके हाताळले जात नाही. म्हणून आमचे मत असे की, शेड कार्ड उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. रंगाखाली काय आहे, आणि वरचे फिनिश कोणते हवे. रंग त्यानंतर.

फिनिशचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. मॅट म्हणजे बिनचकाकीचा रंग कागदावर फार देखणा दिसतो, पण तळणाची वाफ आणि तेलाचा हात त्यावर बसला की घासून काढावा लागतो, आणि घासले की तेवढ्या जागी तो चकाकू लागतो. ग्लॉसी रंग एका पुसण्यात स्वच्छ होतो. पण लाकडाची प्रत्येक उंच-सखल जागा, प्रत्येक खरचटा त्यात आरशासारखा दिसतो, शिवाय ट्यूबलाइट डोळ्यांवर परतते. दोन्हींच्या मध्ये सॅटिन आहे. चकाकी मंद, आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. कपाटांना सॅटिन आणि अगदी खालच्या चार इंच पट्टीला गडद ग्लॉसी, ही जोडी आम्हांला सर्वांत व्यवहारी वाटते. आपल्याकडे फरशी नुसती पुसत नाहीत, बादलीने धुतात. ते पाणी त्या पट्टीवरच येते.

आता रंग. मोबाइलवर दिसणारी परदेशी स्वयंपाकघरे बहुतेक पांढरी असतात. त्या घरांत हळद नसते. आपल्याकडे हळदीचा हात दिवसातून चार वेळा कपाटाच्या मुठीला लागतो. शाळेत आपण हळदीच्या कागदाचा प्रयोग केलेला असतो: साबण लागला की पिवळा डाग लाल होतो. स्वयंपाकघरात नेमके तेच होते, आणि नवी सूनबाई घाबरून आणखी साबण लावते. पाण्याने साबण निघून गेला की डाग परत पिवळा होतो, जात मात्र नाही. हळदीचा रंग उन्हाने विटतो, म्हणून कपड्यावरचा डाग वाळत घातला की फिका पडतो. ओटा काही उन्हात नेता येत नाही, आणि घराच्या मधोमध ऊन सर्वांत कमी पोहोचते. दुसरे असे की, पांढरा ऑइल पेंट कमी उजेडात स्वतःहूनच पिवळसर पडत जातो. म्हणजे पांढरा रंग मधल्या ओट्यावर दोन्हीकडून मार खातो. पांढराच हवा असेल तर निदान पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्यावा. तो इतका पिवळा पडत नाही.

पांढरा नको तर काळा, गडद निळा? तेही सध्या चालतात. पण आपला जिल्हा विसरून चालणार नाही. चंद्रपूरला २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र शहराला खेटून आहे. घुग्घुस, दुर्गापूर, माजरी, बल्लारपूर, सगळीकडे कोळशाच्या खाणी. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला विचारा, ती सांगेल हवेत काय आहे. फिक्या रंगावर कोळशाची काळी धूळ दिसते, गडद रंगावर राख आणि तांदळाचे पीठ दिसते. गडचिरोलीकडे कोळसा नसला तरी भाताचा कोंडा आणि चुलीचा धूर आहेच. या दोन्ही धुळींना पोटात घेणारे रंग मधलेच असतात: वाळलेल्या बांबूचा, सुकलेल्या मेंदीचा, सागाच्या वाळक्या पानाचा. (सागाचे कोवळे पान हातावर चोळले की तळवा लाल होतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तो लाल रंग मात्र ओट्याला देऊ नये; ट्यूबलाइटखाली तो विटकरीसारखा दिसतो.)

शेड कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो, त्यावरून काही कळत नाही. दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्यावा, त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो ओट्याच्या जागी उभा करून चार दिवस तिथेच राहू द्यावा. सकाळी पाहावे, दुपारी कूलरसाठी खिडक्या बंद असताना पाहावे, रात्री दिवा लावून पाहावे. एकच रंग तीन वेळा तीन वेगळे दिसतात. कौल द्यायचा तो ज्या वेळी स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वावर असतो त्या वेळचा, आणि जी व्यक्ती तिथे उभी असते तिचा.

इथवरची चर्चा कोणीही करील. आमच्या आपाच्या घरी बल्लारपूरला हा विषय वेगळ्या वळणावर गेला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

आपाकडे अम्मीचे सागवानी कपाट आहे. आलापल्लीकडच्या लाकडाचे, दीड इंच जाड फळ्यांचे. आलापल्लीच्या जंगलाची थोरवी वेगळी सांगायला नको. त्यातला एक जुना तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून राखलेला आहे आणि २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. तर असे ते कपाट. अम्मी दर दोन-चार वर्षांनी ईदला त्याला ऑइल पेंट द्यायची. सर्वांत खाली पिवळा, मग हिरवा, मग पुन्हा हिरवा. अम्मी गेल्यावर ते आपाकडे आले. नवे घर झाले तेव्हा सुताराने सुचवले की, असे लाकूड आता मिळत नाही, याच फळ्या रंधून मधल्या ओट्याची कपाटे करू. आपाचे डोळे भरून आले. अम्मीचे लाकूड रोज हाताखाली राहील, यापेक्षा चांगले काय! दुल्हेभाईंनी मोबाइलवर पाहिलेला चकचकीत पांढरा रंगही ठरवून टाकला. अंगणात पेंटरने कोरड्या पॉलिश पेपरने एक फळी घासायला घेतली. आपाचा दोन वर्षांचा नातू तिथेच रांगोळीसारखी पडलेली हिरवी-पिवळी भुकटी बोटाने ओढत बसला होता. आम्ही नेमके त्याच वेळी पोहोचलो.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असते. सगळ्यांतच नाही, पण असायचे. आणि पिवळा, केशरी, लाल, हिरवा अशा भडक रंगांत विशेष, कारण ते रंग शिशाच्या क्षारांपासून बनत. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिसे घालत. आपल्या देशात यावर नियम झाला तो २०१६ साली, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. अम्मीने दिलेले तिन्ही हात त्याच्या कितीतरी आधीचे.

भिंतीवर किंवा कपाटावर घट्ट बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. घासला, रंधला किंवा पेटत्या बत्तीने जाळून काढला की शिसे धुळीत आणि धुरात येते. लहान मूल जमिनीलगत असते आणि त्याचा हात सतत तोंडात असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे लहान मुलांचे शरीर शोषून घेते, आणि सुरक्षित म्हणावी अशी शिशाची कोणतीही पातळी नाही. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे असल्याचा अंदाज आहे. त्यांतली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली. शिशाचे सगळेच काही रंगातून येत नाही, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यातून आणि इतर वाटांनीही येते. पण रंगाची वाट आपल्या हातात आहे.

आम्ही शिक्षक आहोत म्हणून एक गोष्ट अधिक बोचते. शिशाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल हळूहळू मागे पडते. लक्ष टिकत नाही, वाचलेले राहत नाही, चिडचिड होते. वर्गात असे मूल आले की आपण त्याला आळशी म्हणतो. प्रत्येक वेळी कारण शिसेच असते असे नाही, पण ते कधी असेल हे वर्गात बसून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

आम्ही नातवाला उचलून आत नेले, हात-तोंड धुतले, कपडे बदलले. पेंटरचाचा नाराज झाले. म्हणाले, “तीस वर्षं हेच करतोय, मला कधी काही झालं नाही.” त्यांचा मान राखून आपाच्या सुनेनेच विचारले, “चाचा, संध्याकाळी घरी गेल्यावर तुमची नात पहिल्यांदा कोणाच्या कडेवर येते? याच कपड्यांत ना?” चाचांनी पॉलिश पेपर खाली ठेवला.

मग प्रश्न उरला अम्मीच्या कपाटाचा. आपाला ते सोडवत नव्हते. फळ्या सुताराच्या कारखान्यात रंधायला पाठवू, असे दुल्हेभाई म्हणाले. पण ती धूळ मग सुताराच्या पोरांच्या नाकात जाईल, एवढाच फरक. सूनबाई म्हणाली, “अम्मीजान, नानीची आठवण ठेवायची आहे तर कपाट कपाटच राहू दे ना. त्याचा ओटा केला तर ते नानीचं कुठे राहील?” आपा थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “आणि घासलेल्या फळीचं काय?” ती फळी ओली करून, वॉटर पेपरने हलका हात फिरवून, प्रायमर देऊन परत कपाटाला बसवली. बाकी कपाटाचा रंग कुठेही सुटलेला नव्हता, त्यामुळे तो न घासता ओल्या फडक्याने पुसून वर नवा हात दिला. आता ते आतल्या खोलीत गोधड्या सांभाळते. अंगणातली भुकटी झाडूने झाडली नाही, कारण झाडूने ती उडते. आधी पाणी शिंपडले, ओल्या फडक्यांनी टिपून घेतली आणि फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. नातवाच्या रक्ताची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना सांगितले. ती ठीक आली, अल्हम्दुलिल्लाह.

तुमच्याकडेही २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट असेल तर त्यात शिसे आहे असेच धरून चालावे. घासायचेच असेल तर ओले घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे, आणि घासणाऱ्याचे कपडे वेगळे धुवावेत. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही.

ओटा शेवटी नव्या लाकडाचा झाला. प्लायवूड असते तर आम्हीही सनमायकाच सुचवला असता, त्यात कमीपणा काही नाही. सागवानाला मात्र एक अडचण असते. त्याच्या अंगात स्वतःचे तेल असते, त्यामुळे रंग नीट धरत नाही आणि काही महिन्यांनी पापुद्रे निघतात. प्रायमर लावण्याआधी थिनरच्या फडक्याने ते पुसून घ्यावे लागते. पुष्कळ जणांना सागवानावर रंग चढवणेच पटत नाही, पॉलिश हवे असते. तेही योग्यच आहे. सूनबाईला रंग हवा होता.

डबा घेताना कंपनीचे नाव, तारीख आणि शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसल्याचा मजकूर डब्यावर आहे का, ते वाचावे. नियमानुसार तो असायलाच हवा. सुटा किंवा लेबल नसलेला रंग घेऊ नये. स्वस्तात पडतो म्हणावे तर हिशोब करून पाहा: ओटा पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, कपाटाची उंची पावणेतीन फूट. चारही बाजू मिळून ४१ चौरस फूट, दोन हातांचे ८२. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरतो. म्हणजे सगळा मामला एका लिटरचा. एका लिटरमागे वाचणार ते किती?

दुल्हेभाईंचा पांढरा, सूनबाईचा मेंदी-राखाडी आणि आपाचा बांबू-पिवळा, असे तीन पुठ्ठे चार दिवस उभे होते. तिसऱ्या दिवशी पांढऱ्यावर हळदीचा अंगठा उमटला. कोणाचा, ते विचारले नाही. मेंदी-राखाडी ठरला, सॅटिनमध्ये, खालची पट्टी काळपट हिरवी.

वेळेबद्दल एक सांगायचे राहिले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ पर्यंत जातो. तेव्हा रंग ब्रशखालीच वाळतो आणि ओरखडे राहतात. पावसाळ्यात तो वाळतच नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. ईद कोणत्याही ऋतूत येवो, तिच्या दोन दिवस आधी ओटा रंगवू नये. हाताला कोरडा लागलेला इनॅमल आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर त्याला गरम पातेले टेकवू नये, ओले फडके चिकटून राहू देऊ नये. आणि उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत घट्ट झाकून, शेड नंबर आणि तारीख लिहून वरच्या फळीवर ठेवावा. मुलांची सायकल त्या ओट्यावर कधी ना कधी आदळणारच आहे.