क्रमांकाखाली पुरलेली माणसे

राज्यसंस्थेच्या ताब्यात असताना जो माणूस मरतो, त्याच्या नावावर हक्क कोणाचा? अमेरिका आणि इंग्लंड या दोन धनाढ्य देशांत गेली काही दशके हा प्रश्न सातत्याने विचारला जात आहे. तो विचारणारे कोणी तत्त्वज्ञ नव्हेत. आपल्या पणजीचे वा चुलतआजोबांचे दफन कोठे झाले याचा शोध घेणारी ती सामान्य कुटुंबे आहेत. कुटुंबाचा इतिहास लिहिता लिहिता त्यांना एखादे नाव मध्येच लुप्त झालेले आढळते. मृत्यूचा दाखला मिळतो, त्यावर मनोरुग्णालयाचे नाव असते आणि तेथून पुढे वाट बंद होते.

ही वाट का बंद होते हे समजून घेतले पाहिजे. या संस्थांच्या दफनभूमीत नावाचा दगड बसवण्याची रीत नव्हती. लोखंडाच्या किंवा सिमेंटच्या खुणेवर केवळ क्रमांक असे आणि त्या क्रमांकाचे नाव दफनाच्या नोंदवहीत लिहिलेले असे. खूण आणि वही यांपैकी एक जरी नाहीशी झाली, तरी माणूस दुसऱ्यांदा मरतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिल येथे १८४२ साली सुरू झालेल्या रुग्णालयाच्या आवारात सुमारे २५,००० माणसे पुरलेली असल्याचा अंदाज आहे. गवत कापण्याच्या यंत्रांना अडथळा होतो एवढ्याच कारणासाठी तेथील हजारो लोखंडी खुणा उपटून टाकण्यात आल्या. ओरेगन राज्यातील सेलम येथे तर सुमारे ३,५०० रुग्णांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत भरून वर्षानुवर्षे पडून होत्या. २००४ साली लोकप्रतिनिधींच्या पाहणीत ते डबे दिसले, तेव्हा कोठे समाजाला जाग आली.

इंग्लंडमधील उदाहरण अधिक बोलके आहे. लंडन परगणा परिषदेने एप्सम येथे एकापाठोपाठ एक अशी पाच मनोरुग्णालये उभारली. तेथे मरण पावलेल्या आणि नातलगांनी न नेलेल्या सुमारे ९,००० जणांना १८९९ ते १९५५ या काळात हॉर्टन येथील पाच एकरांच्या दफनभूमीत पुरण्यात आले. १९८३ साली सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने ती जमीन खाजगी बांधकाम व्यावसायिकाला विकून टाकली. सार्वजनिक मालमत्ता भांडवलाच्या हवाली करण्याच्या त्या धोरणातून मृतांचीही सुटका झाली नाही.

या कबरींत कोण आहेत? केवळ मनोविकाराचे रुग्ण नव्हेत. अपस्माराने ग्रासलेले, मतिमंद ठरवलेले, वार्धक्याने भ्रमिष्ट झालेले, आणि सांभाळण्याची ऐपत घरात नव्हती म्हणून आणून सोडलेलेही तेथे आहेत. श्रीमंताच्या घरचा वेडा घराण्याच्या स्मशानात नावानिशी विसावला. क्रमांक आला तो गरिबाच्या वाट्याला. याच माणसांच्या श्रमावर या संस्था चालल्या. न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड येथे, जिथल्या दफनभूमीत ५,७७६ जण आहेत, एका रुग्णाने कित्येक वर्षे खपून सुमारे १,५०० कबरी खणल्या. तो स्वतःही अखेर तेथेच निनावी पुरला गेला. त्याच्या नावाचे स्मारक उभे राहायला २०१५ साल उजाडले.

नावे जाहीर करण्यास नकार देणारे शासन रुग्णाच्या गोपनीयतेचा दाखला देते. हा आक्षेप क्षुल्लक नाही. दवाखान्यातील माहिती चव्हाट्यावर येऊ नये हा रुग्णाचा हक्क आहे आणि समाजवाद्यांनी तो जपलाच पाहिजे. मनोरुग्णालयाच्या दफनभूमीतील नुसते नावही बरेच काही सांगून जाते, हेही खरे. परंतु ज्याला जिवंतपणी स्वतःच्या पत्रांवर, कपड्यांवर, दिवसाच्या वेळेवरही हक्क दिला नाही, त्याच्या खाजगीपणाची आठवण शासनाला त्याच्या मृत्यूनंतरच व्हावी, हा योगायोग नव्हे. जे नाव लपवले जाते ते लाजिरवाणे आहे, असेच लोक समजतात. म्हणजे ज्या कलंकापासून मृताला वाचवायचे, तोच या गुप्ततेने पोसला जातो. यातून मार्ग निघू शकतो. उपचारांचे कागद मिटलेले राहोत. नाव, मृत्यूची तारीख आणि कबरीची जागा मात्र खुली असावी. मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी वैद्यकीय माहितीवरील संरक्षण संपते, असा नियम अमेरिकेच्या संघराज्याने २०१३ साली केला. ओरेगननेही नावांची यादी प्रसिद्ध केली, आणि शेकडो कुटुंबांनी आपल्या माणसाच्या अस्थी नेल्या.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या कामाला पहिला हात शासनाने लावला नाही. जॉर्जियात १९९७ साली दफनभूमीचा जीर्णोद्धार हाती घेतला तो एके काळी स्वतः रुग्ण असलेल्यांनी. मिनेसोटात १९९४ पासून क्रमांकांच्या जागी नावाचे दगड बसवत आहेत ती अपंगांची स्वतःची संघटना. दयेपोटी केलेले हे काम नव्हे. आपल्या वर्गाच्या माणसांचा इतिहास परत मिळवण्याचे ते काम आहे.

महाराष्ट्रालाही या प्रश्नाकडे परदेशी कुतूहल म्हणून पाहता येणार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालये ब्रिटिश अमदानीची देणगी आहेत. येथे तर बेवारस मृतदेह शरीरशास्त्राच्या अध्ययनासाठी देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने केली आहे. त्यामुळे बेवारस मेलेल्याची शेवटची खूण म्हणून कित्येकदा कागदावरची नोंदच काय ती उरते. अशा संस्थांची जुनी दप्तरे वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या तोंडी न जाता अभिलेखागारात सुरक्षित ठेवावीत, मृतांच्या सूच्या कराव्यात आणि शोध घेणाऱ्या वारसाला विनामूल्य उत्तर मिळावे, ही मागणी खर्चाची नाही, इच्छाशक्तीची आहे. जुन्या संस्थांच्या विस्तीर्ण जमिनींवर बांधकामाची नजर असण्याच्या काळात ती लवकर केलेली बरी. श्रमिकांच्या इतिहासात हुतात्म्यांच्या नामावळीला जसे स्थान आहे, तसेच ज्यांना लढण्याचीही संधी मिळाली नाही त्यांच्या नावांनाही असले पाहिजे.