कुलूप दिसले, पण दार कुणाचे?

परवा जतच्या एस.टी. स्टँडवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. दोन एकर डाळिंब, विहिरीला जेमतेम पाणी आणि शेतीची वीज रात्री-बेरात्री. सौरपंप मिळाला तर दिवसा पाणी देता येईल, म्हणून त्यांनी मोबाईलवरून अर्ज भरला. 'नोंदणी फी' म्हणून साडेपाच हजार रुपये पाठवले. पंप तर आला नाहीच, पैसेही गेले. दिलेला फोन लागेना आणि आठवड्याभरात ते संकेतस्थळही गायब झाले.

"भरण्याआधी नीट बघितलं नाही का?" असे विचारले, तर ते चटकन म्हणाले, "अहो, बघितलं की! वर कुलूप होतं. पोरगं म्हणालं, कुलूप असलं की सुरक्षित. बँकेतल्या साहेबांनीबी तेच सांगितलेलं. कुलूप बघूनच पैसं भरलं की हो!"

हे गृहस्थ अडाणी नाहीत, निष्काळजीही नाहीत. त्यांना जे शिकवले गेले ते त्यांनी तंतोतंत पाळले. कुलूप खरोखरच होते आणि ते खरेही होते. मग घोटाळा झाला कुठे? घोटाळा झाला तो कुलपाचा अर्थ सांगण्यात. आणि तो एकट्या जतमध्ये नाही, साऱ्या जगात झाला आहे.

कुलूप वाटेचे, माणसाचे नव्हे

मोबाईलवर आपण पासवर्ड किंवा खातेक्रमांक टाकतो, तेव्हा तो मजकूर टॉवर, केबल आणि मधल्या अनेक यंत्रांतून पुढे जातो. पूर्वी हा कारभार पोस्टकार्डासारखा होता. मधल्या कुणालाही वाचता येत असे. कुलपाची पद्धत आली आणि पोस्टकार्डाचे बंद पाकीट झाले. मधल्या कुणाला ते फोडता येत नाही, आतला मजकूर बदलता येत नाही. शिवाय पाकिटावर ज्या संकेतस्थळाचे नाव आहे, त्याच नावाकडे ते पोहोचले याचीही तपासणी होते.

कुलपाचे काम एवढेच. त्या नावामागे सरकार बसले आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. बियाण्याच्या पिशवीची शिलाई शाबूत आहे म्हणून आतले बी उगवणारच, असे कोणता शेतकरी म्हणेल? शिलाई एवढेच सांगते, की पिशवी वाटेत कुणी उघडली नाही. बोगस बियाणे विकणाराही पिशवी शिवूनच देतो. मोबाईलवरच्या कुलपाचे अगदी तसेच आहे.

ही समजूत आली कुठून?

१९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय आणली. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात किल्ली दिसे. किल्ली मोडकी दिसली तर वाट उघडी, अखंड दिसली तर वाट बंद. पुढे किल्लीच्या जागी कुलूप आले. त्या काळी कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि कागदपत्रेही द्यावी लागत. त्यामुळे बँका आणि मोठ्या पेढ्या यांच्याकडेच ते असायचे. लोकांनी साधा हिशेब केला, की कुलूप म्हणजे खानदानी पेढी. तेव्हा तो फारसा चुकीचाही नव्हता.

२००७ च्या सुमारास आणखी एक पायरी आली. जास्त पैसे भरून, कंपनीची कागदपत्रे तपासून दिलेले विशेष प्रमाणपत्र. ते असले की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचे नाव हिरव्या रंगात झळके. पण हिरवे नाव दिसले नाही, म्हणून लोक थबकत नाहीत असे आढळले. त्यातच २०१७ साली अमेरिकेतल्या एका संशोधकाने दुसऱ्या राज्यात एका नामांकित कंपनीच्याच नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तसले हिरवे नाव रीतसर मिळवून दाखवले. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असतात, त्यातलाच हा प्रकार. अखेर २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी ते नाव पट्टीतून काढून टाकले.

कुलूप फुकट झाले

दरम्यान मोठा बदल घडला. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एनक्रिप्ट' या ना-नफा तत्त्वावरच्या संस्थेने प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली. अर्ज यंत्राकडे, तपासणी यंत्राकडून, काम काही मिनिटांत. तपासणी कसली? तर हे नाव तुमच्या ताब्यात आहे का, एवढीच. तुमचा धंदा काय, हा प्रश्नच नाही. पुढे जुलै २०१८ पासून क्रोमने बिनकुलपाच्या प्रत्येक संकेतस्थळावर 'असुरक्षित' असा शिक्का मारायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच कुलपे लावली.

हे वाईट झाले असे मुळीच नाही. गुगलच्या हिशेबाप्रमाणे २०१३ साली जगातल्या दहा लाख मोठ्या संकेतस्थळांपैकी फक्त १४ टक्क्यांकडे ही सोय होती. २०२३ मध्ये विंडोजच्या संगणकांवर क्रोममध्ये उघडणाऱ्या पानांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाने कुलूपबंद होती. सगळ्यांची टपाल पाकिटात गेली, हे चांगलेच झाले.

पण चोरालाही पाकीट मिळाले. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की फसवी संकेतस्थळे मुद्दाम कुलूप लावून लोकांचा विश्वास मिळवत आहेत, तेव्हा केवळ कुलपावर विसंबू नका. २०२१ मध्ये गुगलने पाहणी केली. कुलपाचा नेमका अर्थ किती जणांना कळला? शंभरात अवघ्या अकरांना! ज्या खुणेचा अर्थ शंभरातले एकोणनव्वद चुकीचा लावतात, ती खूण ठेवून उपयोग काय? सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलूप काढले आणि त्या जागी दोन आडव्या रेघा व दोन गोल असे साधे चिन्ह ठेवले. त्या चिन्हावर बोट ठेवले की वाट बंद आहे की उघडी, ते कळते. आमच्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये दुसरा ब्राउझर होता, त्याने कुलूप ठेवले आहे.

आता यातली गोम बघा. कुलूप काढले कंपनीने, कारणही सांगितले, पण ते इंग्रजीत. गावोगावच्या डिजिटल साक्षरतेच्या वर्गात, बँकेच्या भिंतीवर आणि घरातल्या पोराच्या तोंडी जुनाच धडा राहिला, 'कुलूप बघा आणि पैसे भरा.' वीस वर्षांपूर्वी शहरातल्या माणसाला तो धडा बऱ्यापैकी कामाला आला. ज्याच्या हातात मोबाईल उशिरा आला, त्याला मात्र धडा मिळाला तो मुदत संपलेला. औषधाची मुदत संपली तर दुकानदाराला जाब विचारता येतो. धड्याची मुदत संपली तर विचारायचे कुणाला?

मग बघायचे काय?

कुलूप सोडा, नाव वाचा. संकेतस्थळाचा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखाच असतो. आधी गाव, मग तालुका, शेवटी जिल्हा. पत्त्यात पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंत जे असते, त्याचा उजवीकडचा शेवट म्हणजे जिल्हा. केंद्राच्या कुसुम योजनेचा पत्ता 'पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे आणि ते सरकारी कार्यालयांखेरीज कुणाला मिळत नाही. डावीकडे मात्र कुणीही 'पीएमकुसुम' किंवा 'पीएमकिसान' लिहू शकतो. नुसता 'डॉट इन' तर कुणालाही विकत मिळतो. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, किंवा 'जीओव्ही डॉट इन'च्या पुढे आणखी शेपूट असेल, तर तो जिल्हाच वेगळा समजावा. कुसुमच्या नावाने चालणाऱ्या खोट्या संकेतस्थळांविषयी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनेकदा इशारे दिले आहेत.

पण इथेच सरकारचे घोडे पेंड खाते. 'शेवटी जीओव्ही डॉट इन बघा' असे शेतकऱ्याला सांगावे, तर सौरपंपाचे काम ज्या महावितरणकडे आहे, तिचे खरे संकेतस्थळ 'महाडिस्कॉम डॉट इन'! महाऊर्जाने कुसुमचे अर्ज घेतले ते 'कुसुम डॉट महाऊर्जा डॉट कॉम'वर! दोन्ही अस्सल, दोन्ही सरकारी, पण नावावरून ओळखणार कसे? खऱ्या दाराला एकसारखी पाटी नसेल, तर खोटी पाटी लावणाऱ्याचे फावते.

हे सुधारता येते, याचा दाखला रिझर्व्ह बँकेने दिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे राखीव नाव जाहीर केले आणि एप्रिलमध्ये आदेश काढून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असे बजावले. सहकारी बँकाही त्यात आल्या. हे नाव बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. म्हणजे खातेदाराला सांगायची गोष्ट एकच, पत्त्याच्या शेवटी 'बँक डॉट इन' आहे का ते बघा. जे बँकांना जमते ते शेतकरी योजनांना का जमू नये? पंप, विमा, अनुदान, कर्जमाफी, ज्या दारातून शेतकऱ्याचा पैसा आणि आधार क्रमांक जातो, ते प्रत्येक दार 'जीओव्ही डॉट इन'च्याच पाटीखाली हवे. आणि ती पाटी कशी वाचायची, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेले हवे.

तोवर शेतकरी बांधवांनी एवढे पाळावे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीही पैसे भरू नयेत. पत्ता महावितरणच्या कार्यालयातून किंवा कृषी सहायकाकडून लिहून घ्यावा आणि स्वतःच्या हाताने टाकावा. फसवणूक झालीच तर लाजत बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त.

आमचे जतचे शेतकरी निघताना म्हणाले, "आता कुलूप दिसलं की भ्या वाटतंय." भ्यायचे कारण नाही. कुलूप नसेल तर तिथे पैसे भरूच नयेत, हे आजही खरे. पण कुलूप आहे म्हणून भरावेत, हे मात्र खरे नाही. घराला कुलूप चोरही लावतो. घर कुणाचे, ते दारावरच्या पाटीवरच वाचावे लागते.