पार्सल उंबऱ्यापर्यंत येतं, उंबऱ्याबाहेर जात नाही

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये दारात बसून बायका जीन्सचे धागे कापतात. नगावर पैसे. त्याच दारात दुपारी कुरियरचा मुलगा येतो आणि पार्सल देऊन जातो. आमचे सभेतले भाऊ मग सांगतात, ऑनलाइन बाजारानं मोठं शहर आणि लहान शहर यांतलं अंतर मिटवलं! मैत्रिणींनो, कुणाचं मिटलं? घेणारीचं मिटलं असेल. विकणारीचं नाही.

इथल्या तिघीजणींनी उरलेल्या जीन्सच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून ऑनलाइन विकायचं ठरवलं. मीही बदलापूरहून उत्साहानं जात होते. पिशव्या छान झाल्या, फोटो छान आले. अडलं कागदावर.

राज्यातल्या राज्यात दुकानातून माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपनीच्या ऑनलाइन बाजारात विकणारीला मात्र पहिल्या रुपयापासून लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली, पण राज्यापुरती. म्हणजे गडचिरोलीला पिशवी पाठवता येते, जवळच्या वापीला पाठवायची तर नोंदणी हवीच. आणि हिनं धागे कापलेली पँट व्यापाऱ्याच्या नावानं खुशाल बिहारपर्यंत जाते!

बरं, करू नोंदणी. तर जागेचा पुरावा आणा. वीजबिल आणा, घर दुसऱ्याचं असेल तर त्याचं संमतिपत्र आणा. एकीचं घर सासऱ्याच्या नावावर. दुसरीची खोली भाड्याची, आणि घरमालकाला कुठल्याच सरकारी कागदावर यायचं नाही. तिसरीच्या नवऱ्यानं विचारलं, "धंदा तुझ्या नावावर कशाला?" घर बाईच्या नावावर असावं हे आपण किती वर्षं मागतो आहोत! ती मागणी आता बाजाराच्या दारातही आडवी आली.

यावर सरकारचं उत्तर एकच, प्रशिक्षण. अंबरनाथच्या बचतगटातल्या मसाला करणाऱ्या बायकांनाही तेच, मोबाईल वापरायला शिका. शिकायला हवंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांनी ५७ टक्के. पण या तिघींना मोबाईल येत होता. नव्हता तो वीजबिलावरचा मालकी हक्क.

आपल्या संघटनांनीही हा 'व्यापाऱ्यांचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवला, हे कबूल करू या. घरी बसून काम करणाऱ्या बाईसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली करार केला, क्रमांक १७७. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही. ती कामगार नाही, कारण कारखान्यात जात नाही. व्यापारी नाही, कारण जागा तिची नाही. मग ती राहते तोच पत्ता, कुणाच्याही संमतीशिवाय, तिच्या धंद्याचा पत्ता म्हणून धरा. आणि लहान विक्रेतीवरची राज्याच्या सीमेची अट काढा. एवढं तरी आपण एकत्र मागू.

त्या तिघींपैकी दोघी परत धागे कापतात. तिसरीच्या पिशव्या विकल्या जातात. खातं तिच्या पुतण्याच्या नावावर आहे. पैसे आधी त्याच्याकडे येतात.