जुन्या मोटारीचें मोल

वस्तूची किंमत बाजारांत ठरते आणि तिचें मोल घरांत ठरतें, असें आपण सहज बोलून जातों. बोलण्यापुरतें तें ठीक आहे. परंतु एखादी वस्तु ठेवावी कीं विकावी, असा प्रश्न प्रत्यक्ष दाराशीं येऊन उभा राहिला, म्हणजे हीं दोन्हीं एकमेकांत अशीं गुंततात कीं, समंजस माणसांनाहि निवाडा करतां येत नाहीं. दागिना, शेत, गांवाकडचें घर यांविषयींचे असे प्रश्न आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. अलीकडे मुंबईच्या उपनगरांतील कांहीं कुटुंबांपुढें तोच प्रश्न जुन्या मोटारीच्या रूपानें आला आहे. या खेपेस त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

मुलुंडच्या एका परिचित कुटुंबाचें उदाहरण समोर ठेवतों. घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत. इमारत जुनी असून तिचा पुनर्विकास ठरला आहे. आवारांतल्या आंब्याखालीं १९६८ सालची फियाट उभी आहे. नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडास एकच मोटार ठेवण्याची जागा मिळावयाची, आणि ती रोजच्या गाडीस लागणार. आजोबांचें म्हणणें असें कीं, "गाडी विकूं नका. दहा वर्षांनीं तिला सोन्याचा भाव येईल." चिरंजीव म्हणतात, "नाना, भंगारवाला देईल तें घ्यावें आणि मोकळें व्हावें." सूनबाईंनीं मात्र एवढेंच विचारलें, "नाना, दहा वर्षांनीं तो भाव देणारा माणूस कोण असेल?" सतरा वर्षांचा नातू या बोलण्यांत पडला नाहीं. तो मोटारींचा मोठा भक्त आहे. पण त्याच्या खोलीच्या भिंतीवर फियाट नाहीं. तेथें साठ वर्षांपूर्वींच्या अमेरिकन मोटारींचीं चित्रें आहेत: फोर्डची मस्टँग, डॉजची चार्जर, प्लिमथची बाराकुडा. तिकडे या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांना बलदंड मोटारी म्हणूं.

सूनबाईंच्या प्रश्नांत साऱ्या विषयाचें सार आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें, तर जेथें जुन्या मोटारींचा व्यापार चांगला मुरला आहे त्या अमेरिकेकडे प्रथम पाहिलें पाहिजे. नातवाचीं चित्रेंहि तिकडचींच आहेत.

मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडींत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें दांडगें एंजिन बसवावयाचें, ही बलदंड मोटारींमागची युक्ति. १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओपासून ही लाट आली असें सामान्यतः मानतात. ती फार टिकली नाहीं. विम्याचे दर चढले, १९७० सालीं हवाशुद्धीचा कायदा कडक झाला, १९७३ सालीं तेलाची टंचाई आली, आणि दहा वर्षांच्या आंत लाट ओसरली. पुढें पुष्कळ गाड्या पडेल किमतीस विकल्या गेल्या. मग त्यांना भाव केव्हां आला? शाळेंत असतां ज्या मुलांनीं त्या गाड्या रस्त्यावर पाहिल्या आणि खिशांत पैसा नसल्यामुळें ज्यांना त्या घेतां आल्या नाहींत, तीं मुलें पन्नाशीला पोंचलीं, त्यांच्या हातांत पैसा खेळूं लागला, तेव्हां. २०१४ सालीं सिअॅटलच्या लिलावांत १९७१ सालची, दुमडत्या टपाची एक प्लिमथ हेमी कुडा पस्तीस लक्ष डॉलरांस गेली; तशा गाड्या त्या वर्षीं दहाबाराच निघाल्या होत्या. एका पिढीची राहून गेलेली इच्छा आणि गाडीचा दुर्मिळपणा, या दोहोंनीं मिळून हा भाव चढविला.

पण इच्छा करणारी पिढी निघून गेली म्हणजे काय होतें? फोर्डच्या मॉडेल टीकडे पाहा. १९०८ ते १९२७ या काळांत तशा गाड्या दीड कोटि निघाल्या, आणि सामान्य माणसास मोटार मिळाली ती त्यांच्यामुळें. इतिहासांत तिचें स्थान अढळ आहे. परंतु तिच्यावर हात बसलेले लोक आज हयात नाहींत, आणि साध्या मॉडेल टीसाठीं लिलावांत झुंबड उडत नाहीं. तिकडचे तरुण खरेदीदार आपल्या बालपणच्या, १९८० ते २००० या काळांतल्या जपानी गाड्यांकडे वळूं लागले आहेत. बलदंड मोटारींचे पहिले भक्त सत्तरी ओलांडीत आहेत. म्हणजे सूनबाईंचा प्रश्न अमेरिकेंतहि उभाच आहे.

याच्या उलट एक गोष्ट आजोबांसारख्या मंडळींच्या तोंडीं नेहमीं असते. १९६८ सालच्या 'बुलिट' या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीननें चालविलेली मस्टँग १९७४ सालीं न्यू जर्सींतील एका गृहस्थानें सुमारें सहा हजार डॉलरांस घेतली. त्याची पत्नी शिक्षिका होती. ती याच गाडीनें शाळेंत जात असे. १९७७ सालीं खुद्द मॅक्वीननें पत्र लिहून गाडी मागितली, तरी ती दिली नाहीं. पुढें गाडी बंद पडून वर्षानुवर्षें उभी राहिली. वडिलांच्या पश्चात् मुलानें ती जगापुढें आणली, आणि २०२० च्या जानेवारींत फ्लॉरिडांतील लिलावांत तिला चौतीस लक्ष डॉलरांची बोली लागली. गोष्ट खरी आहे. परंतु १९६८ सालच्या मस्टँग गाड्या तीन लाखांहून अधिक निघाल्या, आणि चित्रपट एकदोघींच्याच वांट्यास आला. शितावरून भाताची परीक्षा करण्याचा स्थालीपुलाक न्याय येथें चालत नाहीं. या गोष्टींतून घ्यावयाचें असेल तर दुसरेंच कांहीं घ्यावें: आई जी गाडी रोज चालवीत होती, ती मुलास कधींच परकी वाटली नाहीं.

आतां आंब्याखालच्या फियाटकडे येऊं. तिचें माहेर मुलुंडपासून फारसें दूर नाहीं. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभींचा करार अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं होता. म्हणून कुर्ल्यास प्रथम डॉज, प्लिमथ, डिसोटो या नांवांच्या गाड्या जुळविल्या जात. नातवाच्या भिंतीवरच्या चार्जर आणि बाराकुडा या त्याच डॉज-प्लिमथच्या घराण्यांतल्या! पुढें इटलीच्या फियाटशीं करार झाला. १९६४ पासून अकराशें डी ही गाडी निघूं लागली. तिचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीं. परदेशी नांव वापरण्याची मुदत संपल्यावर तीच गाडी १९७२ सालीं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ सालीं प्रीमियर पद्मिनी झाली. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली आणि पद्मिनीचा काळ उतरूं लागला. आज कुर्ल्याच्या त्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

कुर्ला, घाटकोपर, भांडुप करीत मुलुंडास जाणारा जुना आग्रा रस्ता आतां लालबहादुर शास्त्रींच्या नांवानें ओळखला जातो, आणि योगायोग असा कीं, शास्त्रीजींची गाडीहि फियाटच होती. पंतप्रधान असतांना त्यांनीं ती सुमारें बारा हजार रुपयांस घेतली. सात हजार जवळ होते, पांच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ सालीं ते निवर्तल्यावर ललिताजींनीं तें कर्ज फेडलें. ती गाडी आज दिल्लींत त्यांच्या स्मारकांत ठेवलेली आहे, आणि तिच्यापुढें उभा राहणारा माणूस तिचा भाव विचारीत नाहीं.

आपल्या गाडीचा भाव मात्र विचारला जाणार, म्हणून थोडें गणित करूं. बारा हजार रुपये १९६४ सालीं शेंकडा आठ दरानें चक्रवाढ व्याजास ठेवले असते, तर साठ वर्षांनीं त्यांचे सुमारें बारा लक्ष पंधरा हजार झाले असते. गाडीला मात्र तेवढ्या काळांत विमा, टायर, बॅटरी, आणि दर पावसाळ्यानंतर पत्र्याचें व रंगाचें काम लागत गेलें. ठेव या दृष्टीनें साधी घरगुती फियाट या हिशेबापुढें टिकावयाची नाहीं. आजोबांनीं ती व्याजासाठीं घेतलीहि नव्हती. तिनें मुलांना परीक्षेस पोंचविलें, लेकीसुनांना दवाखान्यांत नेलें, लग्नाची खरेदी वाहिली. तिनें आपलें देणें तेव्हांच फेडलें आहे.

तर मग तिला मोल नाहीं काय? आहे, पण तें कोणास वाटतें तें पाहावें. २०२३ सालीं दीड महिन्याच्या अंतरानें मुंबईनें दोन निरोप दिले. १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी दुमजली बस शेवटची धांवली, तीहि उपनगरांतच, अंधेरी स्टेशनाजवळच्या आगरकर चौकापासून सीप्झपर्यंत. ३० ऑक्टोबरपासून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा अंमल संपला. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली होती, आणि तिचीं वीस वर्षें भरलीं. त्या दिवसांत हळहळले ते कोण? वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकासाठीं लहानपणीं जिना धांवत चढलेले. आणि आईच्या मांडीवर, पद्मिनीच्या मागच्या आसनावरून प्रसूतिगृहांतून घरीं आलेले. वस्तु जुनी होती म्हणून कोणी हळहळलें नाहीं. जुन्या वस्तू शहरांत पुष्कळ आहेत.

धर्मशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांस येथें एक भेद आठवेल. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें पूर्वजार्जित मालमत्तेवर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होई; जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणें तो पित्याच्या निधनानंतर येई. बंगालांत दायभाग चालत असे, आपल्याकडे मिताक्षरा. मोटारीची मालकी दायभागाच्या वाटेनें जाऊं शकते. आजोबांच्या मागें कागदावर कोणाचें तरी नांव चढेलच. तिची आवड मात्र मिताक्षरेच्या वाटेनेंच जाते. वडील हयात असतां मुलानें तिच्यावर हक्क सांगितला पाहिजे आणि वडिलांनीं तो मानला पाहिजे.

आणि येथेंच बहुतेक घरांत चूक होते. नातवानें चार्जर प्रत्यक्ष पाहिलेली नाहीं. पण संगणकावरच्या खेळांत ती हजारदां चालविली आहे, आपटली आहे, पुन्हां उभी केली आहे. फियाट जन्मापासून दारांत आहे; पण तिच्याविषयीं त्यानें ऐकलें तें एवढेंच: "हात लावूं नकोस, रंग जाईल." ज्या गाडीला हात लावण्यास कोणी मनाई केली नाहीं, तिच्यावर त्याचें प्रेम बसलें. यांत नवलहि नाहीं आणि दोषहि त्याचा नाहीं.

वास्तविक शिकण्यास या फियाटसारखी गाडी नाहीं. नव्या गाडीचें झांकण उघडलें, तर दिसतें तें काळें आवरण. बिघाड शोधण्यास यंत्र जोडावें लागतें. फियाटचें बॉनेट उघडलें कीं, कार्बुरेटर, प्लग, बेल्ट, रेडिएटर सारें डोळ्यांपुढें असतें. पेट्रोल कोठून येतें, ठिणगी कोठें पडते, चोक ओढल्यानें काय होतें, हें सतरा वर्षांच्या मुलास एका रविवारीं समजतें. म्हणून त्या कुटुंबास आम्हीं इतकेंच सुचविलें कीं, इमारत रिकामी करण्यास अजून आठ महिने आहेत. तेवढे महिने बॉनेटची आणि हत्यारांची सत्ता नातवाकडे द्यावी, आजोबांनीं शेजारीं खुर्ची टाकून बसावें आणि विचारल्याखेरीज बोलूं नये. परवाना हातीं येईपर्यंत रस्त्यावर न्यावयाची नाहीं, हें वेगळें सांगणें नको. आठ महिन्यांनीं तो आपणहून तिच्यासाठीं भाड्याची जागा शोधूं लागला, तर गाडी ठेवावी. तो तिकडे फिरकला नाहीं, तर उत्तर मिळालें असें समजावें.

ठेवावयाची असेल, तर कागदपत्रांचीहि निगा हवी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवावी लागते. या नूतनीकरणाचें शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेंवरून पांच हजार रुपये झालें, आणि २०२५ च्या ऑगस्टांत वीस वर्षांवरील मोटारीस तें दहा हजार करण्यांत आलें. पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी निघाली. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात आणि शुल्क वीस हजार आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. गाडीनें बाजारहाट करावयाचा असेल, तर ही वाट आपली नव्हे.

ठेवावयाची नसेल, तर चालती आहे तोंवर विकावी. ताडपत्रीखालीं दहा वर्षें ठेवलेल्या गाडीचा पत्रा मुंबईच्या पावसांत तळापासून खातो, आणि मग ती खरोखरच भंगाराच्या भावाची होते. गिऱ्हाईक निवडतांना चार पैसे अधिक देणाऱ्यापेक्षां, ती चालवूं पाहणाऱ्या तरुणास प्राधान्य द्यावें. आजोबांच्या गाडीवर परक्या घरांतला मुलगा प्रेम करीत असेल, तर तोहि एक वारसच आहे.

भावाच्या आशेनें मात्र कोणीहि गाडी अडवून ठेवूं नये. दहा वर्षांनीं तिला गिऱ्हाईक असेल कीं नाहीं, हें आज घरांतल्या मुलांच्या हातांला तिचें तेल लागतें कीं नाहीं, यावर पुष्कळसें अवलंबून आहे. ज्या घरांत जुनी मोटार आहे, त्यांनीं येत्या रविवारीं तिचें झांकण उघडावें आणि मुलांना बोलवावें. मुलींनाहि.