घाम की कातडी?

“नागपूरच्या मे महिन्यात असली जीन्स? उकडत नाही का हो?” असं विचारणाऱ्या सद्‌गृहस्थांना माझं एकच उत्तर : उकडतं! पण घाम वाळतो, सोललेला गुडघा महिनाभर बोंबलतो. डोक्यावर हेल्मेट आणि खाली पातळ लेंगा, म्हणजे वाड्याच्या दिंडीला अडसर अन् मागची भिंत पडकी! साधी जीन्सही डांबरावर घसरताना बघता बघता फाटते. तेव्हा आतल्या पट्टीवर ‘ईएन १७०९२’ या युरोपीय मानकाचा ‘एए’ दर्जा शोधा. जाड अस्तराऐवजी कापडातच चिवट धागे विणलेली एकपदरी घ्या; वारा लागतो. आणि दुकानातच मोटारसायकलवर बसल्यासारखं बसून पाहा : पॅड गुडघ्यावरच राहतं, की नडगीवर उतरतं? उन्हाळा चार महिन्यांचा, गुडघे जन्माचे!